खंडित वहीचे पुढचे पान

पुष्कळ घरांत एक अर्धी लिहिलेली वही असते. ती कोणी मुद्दाम जपलेली नसते आणि कोणी फेकूनही दिलेली नसते. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत किंवा घर बदलताना कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ती बाहेर येते. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात तारीख घातलेली असते. पुढची वीस-पंचवीस पाने रोजची असतात. मग तारखांतील अंतर वाढू लागते. आठवड्याने एक नोंद, महिन्याने एक नोंद, आणि एका पानावर सगळे थांबते. त्यापुढची पाने कोरीच राहतात.

वहीचा मालक ती हातात घेऊन उभ्याउभ्याच चार पाने वाचतो. त्याला हसू येते, क्वचित डोळ्यांत पाणीही येते. कोणा स्नेह्याचे नाव दिसते, तो आज हयात नसतो. कोणा आजारी मुलाच्या तापाचे आकडे दिसतात, तो मुलगा आता स्वतः बाप झालेला असतो. आपण हे लिहीत होतो आणि ते लिहिणे सुटले, याची त्याला हळहळ वाटते. पुन्हा सुरुवात करावी असा विचारही मनात येतो. परंतु दहापैकी नऊ वेळा ती वही पुन्हा त्याच कप्प्यात जाते.

असे का होते? आळस हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. ज्याला आळस असतो त्याला हळहळ वाटत नाही. खरा अडथळा निराळा असतो. ज्या मित्राला पाच वर्षांत पत्र धाडले नाही, त्याला पत्र लिहिणे जसे अवघड जाते, तसेच हे होय. पत्रात प्रथम न लिहिल्याबद्दल काहीतरी सांगावे लागेल, आणि मधल्या पाच वर्षांचा वृत्तांत द्यावा लागेल, या धास्तीने पत्रच राहून जाते. दिवस जातात तशी ही बाकी वाढत जाते. स्वतःसाठी लिहिलेल्या वहीलाही माणूस अशीच सावकाराची जागा देतो. तिचे आपल्याकडे काही येणे आहे, असे त्याला वाटू लागते.

या समजुतीला उत्तर द्यायचे तर उपदेशापेक्षा उदाहरणे अधिक उपयोगी पडतात. हैदराबाद शहराचा व त्याच्या जुन्या राज्याचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे.

फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज तरुण १८२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, निजामाच्या नोकरीत शिरला. उर्दू, फारसी व मराठी या भाषा तो मेहनतीने शिकला. ठगांच्या टोळ्यांविषयी त्याने लिहिलेली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झाली आणि तिने त्याला एकदम नावलौकिक मिळवून दिला. १८४० साली टिपू सुलतानावरची कादंबरी आली. असा लेखक आता दरवर्षी एक पुस्तक देईल, असे कोणालाही वाटले असते. परंतु पुढची कादंबरी आली ती १८६३ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी.

ही तेवीस वर्षे टेलर कोठे होता? शोरापूर संस्थानाचा राजा अल्पवयीन असताना तेथला कारभार त्याच्याकडे होता. तेथे तो बारा-एक वर्षे राहिला. १८५३ नंतर त्याच्याकडे नळदुर्गचा मुलूख आला. आज धाराशिव जिल्ह्यात मोडणारा हा भाग मराठी माणसांना तुळजापूरमुळे सुपरिचित आहे. १८५७ च्या धामधुमीत तो वऱ्हाडात बुलढाण्याला होता. या काळात त्याने जमिनींची मोजणी केली, सारा ठरवला, रस्ते आखले, तलाव बांधवले आणि रयतेच्या तक्रारी ऐकल्या. लेखणी त्याने अगदी ठेवली नव्हती. लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राला तो बातमीपत्रे पाठवीत असे. पण ज्या लेखनाने त्याला नाव दिले, ते मात्र बाजूला पडले.

१८६० साली प्रकृती ढासळल्यामुळे त्याला हिंदुस्थान सोडावा लागला. त्यानंतर तीन वर्षांनी ‘तारा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती तुळजापूरच्या एका ब्राह्मणकन्येची कथा आहे, आणि तिच्या पार्श्वभूमीवर विजापूरचा दरबार व अफझलखानाची स्वारी आहे. ज्या मुलखाच्या वाटा, देवळे, जत्रा आणि माणसे टेलरने सरकारी कामासाठी वर्षानुवर्षे पाहिली, तोच मुलूख या पुस्तकात उतरला. १८४० साली ते पुस्तक त्याला लिहिता आले नसते, कारण तेव्हा त्याने नळदुर्गचा कारभार केलेला नव्हता. ज्या वर्षांना लेखनाच्या दृष्टीने वाया गेलेली म्हणावे, त्यांनीच पुढच्या लेखनाला खाद्य पुरवले. अखेरीस त्याने स्वतःची जीवनकथाही लिहिली. १८७६ साली त्याचा मृत्यू झाला, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या मुलीने ती संपादित करून प्रसिद्ध केली.

दुसरे उदाहरण याच शहरात जन्मलेल्या सरोजिनी नायडू यांचे. १८७९ साली त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांनी हैदराबादेत जे महाविद्यालय उभारले, तेच पुढे निजाम कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आले. ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा सरोजिनीबाईंचा पहिला इंग्रजी काव्यसंग्रह १९०५ साली, दुसरा १९१२ साली आणि तिसरा १९१७ साली प्रसिद्ध झाला. बारा वर्षांत तीन संग्रह झाले, आणि मग तो झरा आटल्यासारखा दिसू लागला.

कारण उघडच होते. देशाच्या कामाने त्यांना पुरते ओढून घेतले. सभा, दौरे, शिष्टमंडळे यांत दिवस जाऊ लागले. १९२४ साली त्या आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी तिकडे गेल्या. १९२५ साली कानपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. कवयित्री मागे पडली आणि वक्ता व पुढारी तेवढा उरला, असे लोकांनी गृहीत धरले. त्यांच्या हयातीत नवा संग्रह काही निघाला नाही. १९४९ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशच्या राज्यपाल असताना त्यांचे निधन झाले.

मग १९६१ साली एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. त्याचे नाव ‘द फेदर ऑफ द डॉन’. त्यांच्या कन्या पद्मजा नायडू तेव्हा पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. त्यांनी आईच्या ज्या अप्रकाशित कविता संपादित केल्या, त्या १९२७ सालातल्या होत्या. तिसऱ्या संग्रहानंतर दहा वर्षांनी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सार्वजनिक जीवनाची एवढी धावपळ चालू असताना ही बाई पुन्हा कवितेकडे वळली होती. जगाला त्याचा पत्ता चौतीस वर्षांनी लागला. त्या पुस्तकाने त्यांच्या कीर्तीत किती भर पडली, हा प्रश्न समीक्षकांचा आहे. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की त्या परतल्या, आणि परतताना छापखान्याची वाट त्यांनी धरली नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या वर्षांत कविता थांबल्या, त्या वर्षांत सरोजिनीबाईंची पत्रे थांबली नव्हती. मुलांना, स्नेह्यांना, गांधीजींना त्या सतत लिहीत असत. त्यांतील निवडक पत्रे मकरंद परांजपे यांनी संपादित केली व ती १९९६ साली पुस्तकरूपाने निघाली. लेखन थांबले असे ज्याला वाटते, त्याने आपल्याकडेही जरा शोधून पाहावे. वही बंद पडली असेल, पण गावी पाठवलेली पत्रे कोणाच्या तरी पेटीत असतील. दवाखान्याच्या चिठ्ठीमागे दोन ओळी असतील. हिशेबाच्या वहीच्या कडेला एखादा शेरा असेल. हल्ली तर दूरदेशीच्या मुलांना फोनवर पाठवलेले चार-चार ओळींचे मजकूर असतात. एकाच वहीत नसले तरी ते लेखनच आहे.

परतणाऱ्यांची ही दोन उदाहरणे झाली. जो परतला नाही त्याचेही एक पाहावे, म्हणजे न परतण्याने काय गमावते ते कळेल. इंग्लंडचा सॅम्युएल पेप्स हा रोजनिशीकारांचा मुकुटमणी मानला जातो. १ जानेवारी १६६० रोजी त्याने रोजनिशी लिहावयास घेतली. लंडनची प्लेगची साथ, १६६६ सालची मोठी आग, राजदरबार, आरमाराची कचेरी, बायकोशी झालेली भांडणे, जेवणातले पदार्थ असे सारे तिच्यात आहे. ३१ मे १६६९ रोजी ती थांबली. बारीक अक्षर लिहून डोळे जातील, अशी त्याला धास्ती पडली होती. डोळे काही गेले नाहीत. तो त्यानंतर चौतीस वर्षे जगला, आरमारखात्याचा सचिव झाला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि १६८८ सालची राज्यक्रांती त्याने अगदी जवळून पाहिली. मध्यंतरी एका सफरीची काही टिपणे त्याने ठेवली, पण ती मोकळी, घरगुती रोजनिशी पुन्हा उघडली नाही. साडेनऊ वर्षांच्या नोंदी आज जगभर वाचल्या जातात आणि पुढची चौतीस वर्षे त्या डोळ्यांनी काय पाहिले, याचा तसा ठेवा मागे राहिला नाही. एक भीती तेवढी खरी ठरली नाही, पण तिने केलेले नुकसान मात्र खरे ठरले.

आता कोणी म्हणेल, ही मोठ्या माणसांची कथा झाली. काचीगुड्याला किंवा सुलतानबाजारात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाने, किंवा नातवंडांत रमलेल्या एखाद्या आजीबाईंनी जुनी वही पुन्हा उघडली काय आणि न उघडली काय, कोणाचे काय अडणार आहे? हा प्रश्न विनयाचा दिसतो, पण त्याला हैदराबादच्या मराठी घरांत तरी फार गंभीर उत्तर आहे.

या शहरात मराठी माणूस कित्येक पिढ्या राहिला. वकील, शिक्षक, दुकानदार, देशमुख-देशपांडे, दफ्तरांतील कारकून अशा नात्यांनी तो येथे रुजला. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा निघाली. मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. मराठी साहित्य परिषदेने ‘पंचधारा’ हे त्रैमासिक चालवले. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा बहुभाषी विद्वान याच राज्याच्या नोकरीत वाढला आणि ‘जीवनसेतु’ या आत्मचरित्रात त्या जगाची साक्ष ठेवून गेला. परंतु असे आत्मचरित्र लिहिणारे थोडे. बाकीच्या शेकडो घरांची साक्ष अशाच अर्ध्या वह्यांत आहे.

निजामी अमदानीतील अशा वह्यांत काय असे, याची कल्पना आज नव्या पिढीला येणार नाही. तारीख लिहायची तर एकाच दिवसाला तीन-तीन नावे. पंचांगातली तिथी, इंग्रजी तारीख, आणि सरकारी कामासाठी फसली सन, त्याचे महिने आजूर, दय, बहमन असे. इसवी सनातून सुमारे ५९० वजा केले की फसली सन येई. पैशांचेही तसेच. निजामाचा हाली रुपया निराळा आणि इंग्रजी कलदार निराळा, सात हाली म्हणजे सहा कलदार. मुंबई-पुण्याकडच्या सोयरिकीत देण्याघेण्याची बोलणी झाली की आधी रुपया कोणता, ते ठरवावे लागे. मराठी वाक्यांत ‘दरख्वास्त’, ‘रुखसत’, ‘मुन्सिफ’, ‘तनखा’ हे शब्द इतक्या सहजतेने येत की ते परके आहेत, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नसे. हे सर्व कोणत्याही पाठ्यपुस्तकात या रीतीने सापडत नाही. ते घरच्या वहीतच सापडते.

आणि याच शहरात अशा वह्या मध्येच थांबण्याची कारणेही थोडीथोडकी नव्हती. १९४७-४८ साली रझाकारांच्या दहशतीत मनातले कागदावर ठेवणे कित्येकांना धोक्याचे वाटले असेल. १९४८ च्या सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. एका घरातील थोरला भाऊ बदली होऊन औरंगाबादला गेला आणि धाकटा येथेच राहिला, असे घरोघर घडले. हाली नाणे १९५९ साली इतिहासजमा झाले. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि शहराच्या पाटीवरचे राज्याचे नाव पुन्हा बदलले. बाहेर एवढे बदलत असताना एखाद्याची रोजनिशी मागे पडली, तर त्यात नवल कसले?

खरी काळजी पुढे आहे. या शहरातील मराठी कुटुंबांची नवी पिढी घरात मराठी बोलते. मित्रांशी ती तेलुगू किंवा दखनी बोलते, आणि अभ्यास इंग्रजीत करते. मराठी तिला ऐकून कळते. वाचायला दिली तर ती हिंदीच्या आधाराने अक्षर लावते. हस्तलिखित मराठी तर तिला कोडेच वाटते. हे त्या मुलांचे न्यून नव्हे, परिस्थितीचा तो परिणाम आहे. पण परिणाम काय होतो, हे मोडीच्या उदाहरणाने पाहता येते. कित्येक जुन्या घरांत मोडी कागदांची बासने आहेत. पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ती अक्षरे आज घरातील एकालाही वाचता येत नाहीत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, आणि तरी पणजोबा मुके झाले आहेत. आजच्या बाळबोध वहीवर उद्या हीच पाळी येणार नाही, असे या शहरात कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय?

या ठिकाणी वर सांगितलेल्या उदाहरणांतील एक समान धागा पुन्हा पाहण्यासारखा आहे. टेलरची जीवनकथा त्याच्या मुलीने प्रकाशात आणली. सरोजिनीबाईंच्या कविता पद्मजाबाईंनी आणल्या. मराठी वाचकांना याहून जवळचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी नारायण वामन टिळकांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. १९३६ साली त्या निवर्तल्या, आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. तेही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. पतीचे अर्धे राहिलेले पान पत्नीने उचलले, पत्नीचे मुलाने उचलले. अर्धवट लेखन असे पुढच्या हातात जाते, पण त्यासाठी घेणाऱ्याला ते वाचता यावे लागते.

म्हणून हैदराबादच्या त्या निवृत्त कारकुनाने किंवा त्या आजीबाईंनी वही पुन्हा उघडणे, ही केवळ त्यांच्या मनाच्या समाधानाची बाब राहत नाही. त्या वहीचा वाचक घरातच वाढत असतो. त्याच्यापर्यंत ती पोचवायची, तर लिहिणारा हयात असताना, त्याचे अक्षर समजावून सांगणारे कोणी समोर असतानाच हे झाले पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो परतायचे कसे, हा. त्यासाठी फार मोठी तयारी लागत नाही. उलट मोठी तयारी हीच पुष्कळदा घात करते. नवी, जाड, कातडी बांधणीची वही आणली की तिच्या दर्जाला शोभेल असे काही लिहावे लागेल, असे वाटू लागते, आणि ती कोरीच राहते. जुन्याच वहीत, जेथे लेखन थांबले त्याच्या पुढच्या पानावर आजची तारीख घालावी. मधल्या काळाबद्दल एक ओळही लिहिण्याचे बंधन नसावे. सहा वर्षे लिहिले नाही, त्याची सहा पाने भरून काढावयाची म्हटले तर माणूस पहिल्या पानावरच थकतो. ज्या गोष्टी खरोखर लिहिण्याजोग्या असतात, त्या आजच्या नोंदीच्या ओघात आपोआप येतात. आज नातीच्या बारशाविषयी लिहिताना चार वर्षांपूर्वी गेलेल्या बहिणीची आठवण निघते, आणि तिच्याविषयीचे चार शब्द त्या जागी अधिक खरे उतरतात. टेलरनेही तेवीस वर्षांचा खुलासा करीत बसण्याऐवजी ‘तारा’ लिहिली.

दुसरे असे की, लेखन थोडे असावे. पाच ओळी पुष्कळ झाल्या. आज भाजीचा भाव काय होता, मूसी नदीला पाणी किती आले, शेजारच्या तेलुगू कुटुंबात कोणता सण झाला आणि त्यांनी कोणता पदार्थ पाठवला, कोणाचे पत्र किंवा फोन आला, दुखणे कोठवर आले, एवढे पुरे. आपले विचार थोर असले पाहिजेत ही अट काढून टाकली की हात मोकळा होतो. पेप्सच्या रोजनिशीतले विचार आज थोड्यांनाच आठवतात, पण आग जवळ येत असताना त्याने इटलीचे चीज जमिनीत पुरून ठेवले, हे सगळ्यांना आठवते.

तिसरी गोष्ट भाषेची. कित्येक वर्षांनी मराठी लिहावयास बसले की शब्द अडतो, ऱ्हस्व-दीर्घाची शंका येते. अशा वेळी जो शब्द तोंडात येईल तो लिहावा. येथल्या मराठीत उर्दू येणार, तेलुगू येणार, इंग्रजी तर येणारच. जुन्या वहीत ‘रुखसत’ होती, नव्या वहीत ‘लीव्ह’ असेल. पुढे वाचणाऱ्याला त्यावरूनच काळ ओळखता येईल. शुद्धलेखनाच्या धास्तीने कोरे राहिलेले पान कोणाच्याच उपयोगाचे नसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंधरवड्यातून एकदा तरी त्या वहीतले एखादे पान घरातील मुलाला वाचून दाखवावे, आणि मग त्याच्याकडून वाचून घ्यावे. सर्व पाने सर्वांसाठी नसतात, हे खरे आहे. काही पाने आपल्यापुरतीच राहू द्यावीत. पण नातवाच्या जन्माचे पान, घर बांधल्याचे पान, कोणा काकांच्या फजितीचे पान ही मुलांची हक्काची पाने होत. आजोबांचा ‘ख’ कसा असतो, आजी ‘ळ’ कसा काढते, हे एकदा डोळ्यांत बसले की मुलाला ते अक्षर कायमचे वाचता येते. पाठ्यपुस्तकातील मराठी जे करू शकत नाही, ते त्याच्या स्वतःच्या नावाचा उल्लेख असलेली एक ओळ करते.

पुन्हा खंड पडेल काय? पडेलही. दुखणे येईल, लग्नकार्य येईल, मन लागणार नाही, आणि महिना-दोन महिने वही मिटलेली राहील. त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्याने एकदा सहा वर्षांनी परतून पाहिले, त्याला दोन महिन्यांनी परतणे अवघड नसते. न तुटणारी सवय थोड्यांच्याच नशिबी असते. सर्वसामान्य माणसाने परत येण्याची सवय लावून घेतली, तरी त्याचे काम भागते.

हैदराबादेत नामपल्लीला सरोजिनीबाईंचे घर आहे. त्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहाचेच नाव त्या वास्तूने धारण केले आहे, आणि १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचा आरंभ तेथेच झाला. त्या घराशी जोडलेले नाव तीन संग्रहांवर थांबले, असे सर्वांना वाटत असताना १९२७ सालचे कागद कोठेतरी मिटून पडले होते, आणि ते वाचू शकणारी मुलगी घरात होती. आज या शहरातील पुष्कळ मराठी घरांत कागद आहेत. वाचणारे मूलही आहे. लिहिणाऱ्याने आजची तारीख घालून पुढचे पान सुरू करावे, आणि त्या मुलाला शेजारी बसवून घ्यावे, एवढेच काम शिल्लक आहे.